मोठ्या मोटारहोमसाठी ब्रिटनचं सी-१ लायसन्स: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांतून मोटारहोमबद्दलचे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीबद्दलचे प्रश्न बहुतेक वेळा उशिरा येतात. बर्मिंगहॅमच्या एनईसीतलं प्रदर्शन पाहून झालेलं असतं, गाडी पसंत पडलेली असते, कधीकधी डिपॉझिटही दिलेलं असतं. मग विम्याचा फॉर्म भरताना कळतं की गाडी ४,२५० किलोची आहे आणि आपलं लायसन्स ३,५०० किलोपर्यंतच चालतं. तिथून पुढे घाई सुरू होते. चुकीचे फॉर्म जातात, नको ते कोर्स विकत घेतले जातात आणि सुट्टी हातची जाते.

अशा जड गाडीसाठी लागणारं सी-१ लायसन्स मिळवण्याची प्रक्रिया अवघड नाही, पण तिचा क्रम मोडला की वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात. म्हणून इथे क्रमावर भर दिला आहे. हे सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी आहे. उत्तर आयर्लंडचं लायसन्स खातं वेगळं आहे.

## पायरी १: गाडीची पाटी वाचा

लायसन्स कोणतं लागेल हे गाडीच्या लांबीवर ठरत नाही, किती बर्थ आहेत त्यावरही नाही. ते ठरतं गाडीच्या कमाल अधिकृत वजनावर, म्हणजे भरलेल्या गाडीचं कायद्याने जास्तीत जास्त जेवढं वजन चालतं त्यावर. हा आकडा डीलरच्या तोंडून ऐकू नका, माहितीपत्रकातूनही घेऊ नका. गाडीवरच्या पाटीवर वाचा.

ही छोटी पाटी किंवा स्टिकर बॉनेटखाली किंवा पुढच्या दाराच्या चौकटीत असतो. त्यावर चेसिस नंबरच्या खाली साधारणपणे चार वजनं एकाखाली एक असतात. पहिलं गाडीचं कमाल वजन. दुसरं गाडी आणि मागे ओढलेला ट्रेलर यांचं मिळून कमाल वजन. त्याखाली १ आणि २ असे आकडे घातलेली दोन वजनं म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर चालणारा कमाल भार. लायसन्ससाठी पाहायचं ते पहिलं वजन. बरेच जण दुसरं, मोठं वजन वाचून घाबरतात आणि काही जण अ‍ॅक्सलचं वजन वाचून निर्धास्त होतात.

कोच-बिल्ट मोटारहोमवर कधीकधी दोन पाट्या सापडतात: एक मूळ चेसिस बनवणाऱ्याची आणि एक वरचं घर बांधणाऱ्या कंपनीची. अशा वेळी नंतरची, म्हणजे घर बांधणाऱ्याची पाटी धरायची. गाडीचं वजन पुढे अधिकृतपणे वाढवलं किंवा कमी केलं असेल तर त्याचीही नवी पाटी असते. व्ही-५-सी या नोंदणीपत्रावरचा आकडा पाटीशी जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर विकणाऱ्याकडून खुलासा आणि कागद मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

आकडा हातात आला की हिशोब असा:

३,५०० किलोपर्यंत: साधं कारचं, म्हणजे बी वर्गाचं लायसन्स पुरतं.
३,५०० च्या वर ते ७,५०० किलो: सी-१.
७,५०० च्या वर: पूर्ण सी. मोठ्या अमेरिकन बसवजा मोटारहोम बहुधा यात येतात.

१० जून २०२५ पासून बी लायसन्सवर ४,२५० किलोपर्यंतची शून्य-उत्सर्जन वाहनं चालवता येतात. ही सवलत डिझेल मोटारहोमला लागू नाही. विक्रेत्याने ती डिझेल गाडीसाठी सांगितली तर मान डोलावू नका.

सावधान: "रिकामी गाडी ३,४०० किलोच भरते, मग बी चालेल" हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. पाटीवर ४,२५० असेल तर आत एक चमचाही न ठेवता चालवली तरी सी-१ लागतं.

## पायरी २: स्वतःचं लायसन्स वाचा

कार्डाच्या मागच्या बाजूला तक्ता असतो. ९ क्रमांकाच्या रकान्यात वर्ग, १० मध्ये कधीपासून, ११ मध्ये कधीपर्यंत आणि १२ मध्ये अटींचे कोड. सी-१ ची ओळ आणि तिची अखेरची तारीख पाहा. तारखा पुसट वाटल्या तर सरकारी संकेतस्थळावर लायसन्स क्रमांक, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि पोस्टकोड टाकून तुमची पूर्ण नोंद बघता येते. तिथे प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, कोणतं आणि पूर्ण कोणतं हेही स्पष्ट कळतं.

ज्यांनी ब्रिटनमध्ये कारची परीक्षा १ जानेवारी १९९७ च्या आधी पास केली, त्यांच्याकडे सी-१ बहुधा आपोआप आहे. पन्नाशी-साठीतले, फार पूर्वी इथे आलेले आपले लोक यात येतात. त्यांनी पुढच्या बहुतेक पायऱ्या सोडून थेट पायरी ९ वाचावी. मात्र ७० व्या वाढदिवसाला हा हक्क आपोआप संपतो. तो टिकवायचा असेल तर डी-२ (अर्ज) आणि डी-४ (वैद्यकीय तपासणी) हे फॉर्म भरून नूतनीकरण करावं लागतं. नेहमीप्रमाणे ऑनलाइन नूतनीकरण केलं की नव्या कार्डावर फक्त कार येते, सी-१ निघून जातं. हे अनेकांना कार्ड हातात पडल्यावरच कळतं.

१९९७ नंतर इथे येऊन परीक्षा दिलेल्या आपल्यापैकी बहुतेकांकडे फक्त बी आहे. आता भारतीय लायसन्सबद्दल, कारण इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो.

ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर कारसारखी छोटी वाहनं चालवता येतात. मोठ्या वाहनांना ही मुभा नाही. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या आरटीओने दिलेलं हेवी लायसन्स असलं, त्यावर वीस वर्षं ट्रक चालवला असला, तरी इथे ४,२५० किलोची मोटारहोम चालवता येत नाही. ज्या देशांची लायसन्स ब्रिटनमध्ये बदलून मिळतात त्यांत भारत नाही, म्हणून अदलाबदलीचा मार्गही बंद. आधी इथलं कारचं पूर्ण लायसन्स, मग सी-१. उन्हाळ्यात भारतातून आलेल्या भावाने किंवा मेहुण्याने सुट्टीत तुमची मोठी गाडी थोडी चालवायची ही कल्पनाही सोडून द्या.

तपासा: घरातले कोणकोण गाडी चालवणार ते आताच ठरवा. सी-१ व्यक्तीचं असतं, गाडीचं नाही. नवऱ्याकडे आहे आणि बायकोकडे नाही, अशा घरात इनव्हर्नेसच्या पलीकडे नवऱ्याची कंबर धरली तर गाडी तिथेच अडकते. शक्य असेल तर दोघांनी एकत्रच अर्ज करावा.

## पायरी ३: सी-१ खरंच हवं का, हे वजन करून ठरवा

सी-१ टाळता येईल का, हा प्रश्न रास्त आहे. बाजारात ३,५०० किलोच्या मोटारहोम भरपूर आहेत. पण त्यांतल्या मोठ्या गाड्यांत सामानासाठी वजनच उरत नाही. उदाहरण मांडून बघू.

समजा गाडीचं चालू स्थितीतलं वजन ३,०८० किलो आहे. यात ७५ किलोचा चालक आणि डिझेल धरलेलं असतं. कमाल वजन ३,५००. उरले ४२० किलो. आता बायको आणि दोन मोठी मुलं मिळून १९०. बाहेरची ऑनिंग ३०. जादा गॅस सिलिंडर २५. दोन सायकली आणि त्यांचा रॅक ४५. भांडी, कुकर, तांदूळ-पीठ, कपडे, पांघरुणं, खुर्च्या मिळून ८०. टाकीत ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. एकूण ४५०. तीस किलो जास्त, आणि अजून सोलर पॅनल, दुसरी बॅटरी, मुलांची खेळणी यांचा विचारच केला नाही.

चार जणांच्या घराने सहा-सात मीटर लांबीच्या गाडीचा विचार करताना हा हिशोब कागदावर करावाच. गाडी आधीच घेतली असेल तर प्रवासाला निघण्याच्या तयारीत भरून सार्वजनिक वजनकाट्यावर न्या. पूर्ण गाडीचं वजन घ्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वेगळं घ्या. एकूण वजन मर्यादेत असून मागचा अ‍ॅक्सल जास्त भरलेला, हे सायकल रॅक आणि मोठं गॅरेज असलेल्या गाड्यांत नेहमी होतं.

इथून तीन वाटा फुटतात. हलकी गाडी घ्यायची. किंवा ३,५०० ची गाडी अधिकृतपणे वाढीव वजनाची करून घ्यायची. काही गाड्यांना त्यासाठी फक्त कागदपत्रं लागतात, काहींना टायर किंवा स्प्रिंग बदलावे लागतात. वजन वाढवलं की सी-१ लागलंच. तिसरी वाट म्हणजे जड गाडीचं वजन कागदावर ३,५०० पर्यंत खाली आणायचं. हे कायदेशीर आहे, पण त्यानंतर सामानासाठी किती किलो उरतात ते पाहिल्याशिवाय अशी गाडी घेऊ नका. मूळची ४,२५० ची गाडी ३,५०० ला आणली की कित्येकदा चार माणसांचंही वजन बसत नाही. ही वाट मला मुळीच पसंत नाही.

सावधान: मोटारहोमच्या मागे ए-फ्रेमवर, म्हणजे ओढण्याच्या दांड्याला जोडून, छोटी कार ओढायचा विचार असेल तर तो आताच मांडा. सी-१ मध्ये ७५० किलोपर्यंतचाच ट्रेलर चालतो, आणि ओढलेली कार ट्रेलरच धरली जाते. छोट्यातली छोटी कारही बहुधा ७५० च्या वर जाते, म्हणून सी-१-ई, म्हणजे सी-१ गाडीमागे जड ट्रेलर ओढण्याचं लायसन्स लागतं. डिसेंबर २०२१ पासून बी लायसन्सवर ३,५०० किलोचा ट्रेलर ओढता येतो हे खरं, पण ते बी गाडीमागे. सी-१ गाडीमागे त्याचा उपयोग नाही.

## पायरी ४: डोळे, मग डॉक्टर

सी-१ साठी कारपेक्षा कडक वैद्यकीय निकष आहेत. ब्रिटनमध्ये त्याला दुसरा गट म्हणतात. तपासणीचा फॉर्म डी-४. यात जाणारा वेळ आणि होणाऱ्या चुका सगळ्यात जास्त आहेत, म्हणून थोडं सावकाश. पायरी ५ मधला डी-२ अर्ज मात्र डॉक्टरकडे जाण्याआधीच मागवून भरून ठेवा; कारण तिथे दिलं आहे.

आधी चष्म्याच्या दुकानात जा. डी-४ मधला दृष्टीचा भाग डॉक्टर किंवा ऑप्टिशियन, कोणीही भरू शकतं. ऑप्टिशियनकडे गेलात तर तुमच्या चष्म्याचा नंबर तिथेच नोंदवला जातो. अपेक्षा अशी: चष्म्यासह चालेल, पण चांगल्या डोळ्याची दृष्टी किमान ६/७.५ आणि दुसऱ्याची किमान ६/६० हवी. चष्म्याची भिंग +८ डायॉप्टरपेक्षा जास्त शक्तीची नसावीत. दृष्टीचा पसारा आडवा किमान १६० अंश हवा. डॉक्टरची फी भरून मग डोळ्यांवर अडकण्यापेक्षा हे आधी उरका.

मग डॉक्टर. तुमच्या जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, हा फॉर्म भरलाच पाहिजे असं बंधन नाही. बरेच जण नकार देतात किंवा महिनाभर पुढची वेळ देतात. एनएचएसमध्ये हे मोफत नाही. फक्त ड्रायव्हर मेडिकल करणाऱ्या खासगी सेवा आहेत, बहुतेकदा स्वस्त आणि लवकर. मात्र डॉक्टर इथल्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेला हवा. दिवाळीत घरी गेलात तेव्हा सदाशिव पेठेतल्या फॅमिली डॉक्टरांकडून सही आणली, तर तो फॉर्म परत येतो.

जाताना सोबत ठेवा: फोटो असलेलं ओळखपत्र, चष्मा आणि त्याचा नंबर, घेत असलेल्या औषधांची यादी डोससकट, आणि जुन्या मोठ्या आजारांच्या तारखा.

आपल्या लोकांत मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहेत, म्हणून दोन गोष्टी ठळकपणे. मधुमेहासाठी गोळ्या घेत असाल तर कारसाठी जे कळवावं लागलं नसेल, ते इथे कळवावं लागतं. त्यामुळे सी-१ नाकारलं जातंच असं नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठीही वाट आहे, फक्त साखरेच्या नियमित नोंदी आणि वेगळी तपासणी लागते. रक्तदाब सतत वरचा १८० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १०० किंवा त्याहून जास्त असेल तर दुसऱ्या गटात चालवता येत नाही. तपासणीच्या दिवशी घाईत, जिने चढून, कॉफी पिऊन जाऊ नका. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असून दिवसा झोप येत असेल तर तेही सांगायचंच. लपवलेला आजार अपघातानंतर बाहेर येतो तेव्हा लायसन्सबरोबर विमाही जातो.

तपासा: डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी फॉर्म पानोपान बघा. तुमचं नाव आणि जन्मतारीख जिथे जिथे मागितली आहे तिथे आहे का? हो-नाहीचा एखादा चौकोन रिकामा राहिला का? सही, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी तपशील आहे का? ऑप्टिशियनने भरलेल्या भागावर त्याची सही आहे का? एक रिकामा चौकोन पुरतो, सगळा लखोटा परत यायला.

## पायरी ५: डी-२ भरा आणि पाठवा

डी-२ म्हणजे लॉरी किंवा बसच्या प्रोव्हिजनल हक्कासाठीचा अर्ज. डीव्हीएलए या लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावरून मागवला की घरी येतो. प्रोव्हिजनल हक्क वाढवण्यासाठी सरकारी फी नाही. "आम्ही अर्ज करून देतो" म्हणून पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांना काही देऊ नका.

डी-२, डी-४ आणि तुमचं लायसन्स कार्ड एकाच लखोट्यात डीव्हीएलएच्या स्वान्झीच्या कार्यालयाला पाठवायचं. सगळ्याचे फोटो काढून ठेवा. पोस्टाची नोंद मिळेल अशा सेवेने पाठवा.

डॉक्टरांच्या सहीपासून चार महिन्यांच्या आत डी-४ तिकडे पोचला पाहिजे. म्हणून डी-२ आधी मागवून भरून ठेवायचा आणि मग डॉक्टरकडे जायचं. उलट केलं की डी-४ कपाटात जुना होतो.

कार्ड काही आठवडे तुमच्याकडे नसेल. वैद्यकीय बाबतीत डीव्हीएलएला आणखी विचारायचं असेल तर हा काळ बराच लांबतो. मधल्या काळात भारतात जाऊन गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परमिटसाठी हेच कार्ड लागतं, तेव्हा आधी जाऊन या आणि मग अर्ज करा. भाड्याने गाडी घेतानाही कार्ड मागतात.

कार्ड परत आलं की सी-१ ची प्रोव्हिजनल नोंद आली का ते पाहा, आणि मगच पुढे जा.

## पायरी ६: थिअरीचे दोन भाग, चार नाही

घरगुती मोटारहोमसाठी दोनच थिअरी परीक्षा लागतात: बहुपर्यायी प्रश्न (१ अ) आणि धोका ओळखणं (१ ब). ट्रेनिंग कंपन्या "संपूर्ण पॅकेज" म्हणून केस स्टडी आणि प्रात्यक्षिक असलेले भाग २ आणि ४ सुद्धा विकतात. ते व्यावसायिक चालकांच्या सीपीसी प्रमाणपत्रासाठी आहेत. तुम्ही पोटासाठी लॉरी चालवणार नसाल तर ते घेऊ नका. फोनवरच सांगा: "मोटारहोमसाठी सी-१ हवं, सीपीसी नको."

बुकिंग सरकारी संकेतस्थळावर स्वतः करा. १ अ ची फी २६ पौंड, १ ब ची ११. लॉरीची परीक्षा निवडा. यादीत शेजारीच बसची असते आणि तिथे चूक होते.

१ अ मध्ये १०० प्रश्न, १ तास ५५ मिनिटं, पास व्हायला ८५. प्रश्न वाहतुकीच्या चिन्हांपुरते नाहीत. पुलांची उंची, भाराची बांधणी, चालकाचे तास, एअर ब्रेक, अ‍ॅक्सलवरचा भार असे लॉरीचे विषय येतात. कारच्या थिअरीची तयारी इथे पुरत नाही. परीक्षा घेणाऱ्या डीव्हीएसए या सरकारी संस्थेचं लॉरीचं साहित्यच वापरा. परीक्षा इंग्रजीत आहे, दुभाषा मिळत नाही.

१ ब मध्ये १९ व्हिडिओ, त्यांत २० धोके, कारण एका व्हिडिओत दोन असतात. १०० पैकी ६७ लागतात. इथे चांगले अनुभवी चालक नापास होतात. ते धोका फार लवकर ओळखतात, म्हणजे गुणांची खिडकी उघडायच्या आधीच क्लिक करतात. सरावात स्वतःची लय शोधा: धोका आकार घेऊ लागला की एक क्लिक, तो वाढतोय असं दिसलं की दुसरा. एकसारखे ठोके देत बसलात तर त्या व्हिडिओचे गुण शून्य होतात.

तपासा: दोन्ही भाग एकमेकांपासून दोन वर्षांच्या आत पास व्हायला हवेत, आणि ड्रायव्हिंगची परीक्षाही त्या मुदतीत. थिअरी पास करून "पुढच्या उन्हाळ्यात बघू" म्हणत राहणाऱ्यांना सगळं पुन्हा द्यावं लागतं.

## पायरी ७: ट्रेनिंग

सगळ्यात मोठा खर्च इथे आहे, आणि तो टाळायला बघू नये. स्वतःच्या मोटारहोमवर एल पाटी लावून शेजारच्या अनुभवी काकांसोबत शिकायचा विचार बरेच जण करतात. शिकाऊ माणसासोबत त्या वर्गाचा पात्र चालक लागतो, विमा कंपनीची लेखी परवानगी लागते, आणि १९९७ पूर्वीच्या आपोआप मिळालेल्या सी-१ वर दुसऱ्याला शिकवण्याच्या भानगडीत पडू नये. शिवाय परीक्षेच्या वाहनालाही अटी आहेत: किमान ४ टन कमाल वजन, किमान ५ मीटर लांबी, ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठण्याची क्षमता, केबिनएवढी उंच-रुंद बंद मालपेटी आणि आणखी काही. ट्रेनिंग कंपनीचं वाहन या अटींत बसलेलं असतं.

फी भरण्याआधी विचारा: वाहन कोणतं, एका वेळी गाडीत किती शिकाऊ, परीक्षेचं वाहन आणि फी पैशांत धरली आहे का, नापास झाल्यास पुन्हा परीक्षेचे किती, आणि रिव्हर्सचा सराव कुठे. एका गाडीत दोन शिकाऊ म्हणजे तुमचा अर्धा वेळ मागे बसून जातो.

पहिल्याच तासात कारची एक सवय सोडा. वळताना कारचं मागचं टोक जिथे जाईल असं वाटतं, तिथे या गाडीचं जात नाही. मागच्या चाकांच्या मागे दीड-दोन मीटर शेपटी लोंबकळत असते. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं की ती शेपटी उजवीकडे फिरते. पेट्रोल पंपावरचे खांब, कॅम्पसाइटवरचे नळ आणि शेजारच्याचे आरसे तिथेच जातात. म्हणून वळणाच्या विरुद्ध बाजूच्या आरशात बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

## पायरी ८: परीक्षा, ३ अ आणि ३ ब

नोव्हेंबर २०२१ पासून प्रात्यक्षिक परीक्षेचे दोन तुकडे आहेत. ३ अ बंद जागेत होते आणि ती बहुधा ट्रेनिंग कंपनीच्याच यार्डात मान्यताप्राप्त परीक्षक घेतात. फी ४० पौंडांपर्यंत. ३ ब रस्त्यावर: कामाच्या दिवशी ११५ पौंड, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी १४१.

३ अ म्हणजे एस आकाराचा रिव्हर्स. शंकूंमधून मागे जायचं, मधल्या शंकूला वळसा घालून मागच्या चौकटीत गाडी बसवायची. घाईने इथे काहीच साधत नाही. चालण्यापेक्षाही सावकाश घ्या. दोन्ही आरशांत आळीपाळीने बघा, एकाच आरशाला चिकटू नका. अंदाज चुकतोय असं वाटलं तर लगेच थांबा आणि सरळ करून घ्या. पुढे घेऊन दुरुस्त करायची मुभा असते, पण मर्यादित. शंकू पडेपर्यंत आशेवर राहणं ही नेहमीची चूक आहे.

३ ब मध्ये आधी वाहनसुरक्षेचे प्रश्न: टायर, दिवे, ब्रेक, तेल कसं तपासाल. मग साधारण तासभर रस्ता, त्यात सुमारे दहा मिनिटं खुणा बघत स्वतः जायचं. १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात. एक गंभीर किंवा धोकादायक चूक झाली की नापास. आपल्याकडून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत: चौकात कारच्या रेषेने वळून मागचं चाक फुटपाथला लावणं, अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यासाठी उशिरा थांबणं, राउंडअबाउटवर लेन सोडताना आरसा न बघणं.

## पायरी ९: लायसन्स आलं, रस्त्यावर निघण्यापूर्वी

वेगमर्यादा. लायसन्स ठरतं भरलेल्या गाडीच्या कमाल वजनावर, पण मोटारहोमची वेगमर्यादा ठरते रिकाम्या वजनावर. रिकामं वजन ३.०५ टनांपर्यंत असेल तर कारच्याच मर्यादा. त्याच्या वर असेल तर साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैल, ड्युअल कॅरेजवेवर ६०, मोटरवेवर ७०. सी-१ गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने आपली गाडी कुठल्या बाजूला पडते ते एकदा बघून ठेवावं.

विमा कंपनीला पाटीवरचं वजन आणि प्रत्येक चालकाचं सी-१ लेखी कळवा. बिघाडसेवेची अटही वाचा. कित्येक योजना ३,५०० किलो किंवा ठरावीक लांबीपर्यंतच मदत पाठवतात. लंडनमध्ये राहत असाल तर लो एमिशन झोनमध्ये ३,५०० किलोवरच्या मोटारहोमचे नियम वेगळे आहेत. ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा, गाडी घेण्याआधी.

लायसन्सशिवाय चालवलं तर लायसन्सवर ३ ते ६ दंडाचे पॉइंट आणि १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठा धोका विम्याचा. त्या वर्गाचं लायसन्सच नसताना अपघात झाला तर दुसऱ्याच्या नुकसानीचा भार तुमच्या डोक्यावर येऊ शकतो.

शेवटची नोंद नूतनीकरणाची. परीक्षा देऊन मिळवलेलं सी-१ जुन्या आपोआप मिळालेल्या सी-१ सारखं ७० पर्यंत चालत नाही. ते जास्तीत जास्त पाच वर्षांचं असतं. ४५ च्या आत असाल तर आरोग्याचं स्वतःचं निवेदन पुरतं. ४५ पूर्ण झाले की डी-४ तपासणी, पुढे ६५ पर्यंत दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. कार्डाच्या ११ व्या रकान्यातली सी-१ समोरची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये तीन महिने आधीच्या सूचनेसह टाकून ठेवा, आणि त्या सूचनेच्या दिवशी आधी ऑप्टिशियनची वेळ घ्या.